आवळलेली सीट आठवड्यात पुन्हा हलते: जुन्या स्पोर्ट्स कारमध्ये नवी सीट बसवताना नेमकं चुकतं कुठे

लक्षण ओळखीचं असेल. जुन्या टू-सीटरची मूळ सीट बसकी झालेली, खाली स्पंजाचा पिवळा भुगा पडतोय, म्हणून कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून नाहीतर ओळखीच्या स्क्रॅपवाल्याकडून अलीकडच्या हॅचबॅकची बरी सीट आणली. घरच्याच पार्किंगमध्ये पट्ट्या मारून बसवली. सुरुवातीला झकास. मग ब्रेक दाबला की खालून 'टक्', त्र्यंबक रोडच्या स्पीडब्रेकरवर 'कटक'. बोल्ट आवळले की आवाज गेला. आठवड्याने परत आला. परत आवळले, परत आला. शेवटी कोणीतरी सांगतं, "भाऊ, वेल्डच मारून टाका ना!" आणि तिथून पुढे प्रकरण खरंच बिघडतं.

माझं मत आधीच सांगून टाकतो. दहातल्या आठ-नऊ गाड्यांत दोष बोल्टचा नसतो. सीटच्या दोन रेल, म्हणजे ज्यांवरून सीट पुढेमागे सरकते ते खालचे रूळ, एका पातळीत आणि समांतर बसलेल्या नसतात, किंवा बोल्टच्या खाली दबणारं काहीतरी राहिलेलं असतं. अशा वेळी बोल्ट आवळणं म्हणजे वाकडं बसलेलं ताणून सरळ दाखवणं. तो ताण हलत्या गाडीत आपली वाट शोधतोच.

पुढचं बरंचसं सॅन स्टॉर्म डोळ्यासमोर ठेवून लिहिलं आहे. गोव्यात बनलेली छोटी टू-सीटर, रेनोचं ११४९ सीसीचं इंजिन, फायबरची बॉडी आणि खाली लोखंडी चॅसी. तिचे मूळ सुटे भाग मिळवणं म्हणजे नवस बोलण्याचं काम, म्हणून सीट बदलायची वेळ येतेच. पण रोग सगळ्या जुन्या गाड्यांना सारखाच. अपवाद सांगायचा तर माझ्दा एमएक्स-५. तिच्या पहिल्या पिढीच्या गाडीत दुसऱ्या पिढीची सीट त्याच चार भोकांवर सरळ बसते. तेवढं नशीब बाकीच्यांचं नाही.

आधी हलतंय कुठे ते पकडा

पाना हातात घ्यायच्या आधी पांढरा मार्कर घ्या. प्रत्येक बोल्टच्या डोक्यावरून खालच्या पट्टीवर उतरेल अशी एक रेघ ओढा. रेल आणि पट्टी जिथे एकमेकांना चिकटतात तिथेही आडवी रेघ. मग नेहमीसारखी गाडी चालवा. सध्या सिंहस्थाच्या कामांमुळे आमच्या नाशिक शहरात खोदलेले रस्ते शोधावे लागत नाहीत, तेव्हा चाचणी फुकटात होते.

आवाज परत सुरू झाला की टॉर्च घेऊन बघा. बोल्टवरची रेघ तुटली असेल, म्हणजे डोक्यावरचा भाग एकीकडे आणि पट्टीवरचा दुसरीकडे, तर बोल्ट खरोखर फिरलाय. रेघ शाबूत आहे आणि तरी बोल्ट पान्याला सैल लागतो, तर बोल्ट जागेवरच आहे, त्याच्या खालचं काहीतरी दबलंय. आणि बोल्ट घट्ट, रेघ शाबूत, पण रेल-पट्टीवरची रेघ सरकली असेल तर भोकं ढिली आहेत, पट्टी घसरतेय. तीन वेगळे रोग, तीन वेगळी औषधं. सगळ्यांवर 'अजून जोरात आवळ' हे एकच औषध देत राहिलं की फ्लोअरला वेल्ड केलेलं नट निसटतं. मग ते खालून कापून काढताना कळतं की सोपं काम कोणतं होतं.

आवाजाची वेळही लक्षात ठेवा. ब्रेक किंवा ॲक्सिलरेटरला एकच 'टक्' असेल तर रेलच्या लॉकमध्ये खेळ आहे. वळणावर आवाज येत असेल तर पाय किंवा पट्टी. बसताना-उठताना कुरकुर असेल तर ती पाठीच्या बिजागरीची, तिचा फ्लोअरशी संबंध नाही. शंका उरली तर कोणालातरी सीटवर बसवून डावी-उजवीकडे झोके द्यायला सांगा आणि आपण दाराबाहेर गुडघ्यावर बसून एकेका सांध्यावर बोट ठेवा. अर्ध्या मिलीमीटरचा खेळ डोळ्याला दिसत नाही, बोटाला लगेच कळतो.

चार पाय, तीन टेकलेले

नव्या सीटचे चारही पाय ती जिथून आली त्या गाडीच्या फ्लोअरप्रमाणे वळवलेले असतात. पुढचे दोन बहुतेकदा आडव्या बीमवर, म्हणजे उंचावर. मागचे खाली फ्लोअरवर. काही गाड्यांत आतल्या बाजूचा एक पाय थेट टनेलच्या, म्हणजे दोन सीटमधल्या फ्लोअरच्या उंचवट्याच्या, कडेला जाऊन बसतो. उंची वेगळी, कोन वेगळा. आपल्या जुन्या गाडीचा फ्लोअर याच्याशी जुळण्याचं काही कारणच नाही. आखूड पायाच्या खाटेसारखी ती तीन पायांवर उभी राहते आणि चौथ्याला आपण बोल्टने खाली खेचतो. खाट निदान डुगडुगून सांगते. सीट सांगत नाही, तिची रेल पिळली जाते.

तपासायला सोपं आहे. चारही बोल्ट काढा. तीन हाताने, बोटांच्या जोरावर, टेकेपर्यंत फिरवा. चौथ्या पायाखाली फिलर गेज, म्हणजे फट मोजायच्या पातळ पात्या, सरकवून बघा. मग दुसरा पाय मोकळा ठेवून तसंच. पाव-अर्धा मिलीमीटर फट चालून जाते. एक मिलीमीटरच्या वर फट असेल तर आवळू नका, तेवढ्या जाडीचा पत्रा कापून तिथे भरा. दोन-तीन वॉशर एकावर एक चालतील, त्यावर नाही. वॉशरच्या मनोऱ्यात जितके सांधे तितक्या दबायच्या जागा. चार मिलीमीटर हवेत तर चार मिलीमीटरचा एक ठोस तुकडा करून घ्या.

कोनाचा प्रश्न जास्त चिवट. पाय टेकलाय, पण तिरपा. एका कडेवर टेकला आणि दुसऱ्या कडेला प्रकाश दिसतोय. इथे सपाट पत्रा भरून उपयोग नाही, पाचरीच्या आकाराचा तुकडा लागतो. फाईलने घासून करता येतो, वेळखाऊ आहे, पण याला पर्याय नाही. सीटचा पाय व्हाइसमध्ये धरून वाकवायचा मोह टाळा. ते पोलाद टणक असतं, एकदा वाकवलं तर वाकेल, पण चीर कुठे गेली ते रंगाखाली दिसणार नाही.

मग समांतरपणा. दोन्ही रेलच्या मधलं अंतर पुढे आणि मागे टेपने मोजा, सारखं हवं. त्यानंतर तिरपी मापं घ्या, डाव्या पुढच्या भोकापासून उजव्या मागच्या भोकापर्यंत आणि उलट. ही दोन मापं जुळली की चौकोन काटकोनात आहे. नाही जुळली तर एक रेल पुढे सरकलेली आहे.

शेवटची परीक्षा हाताची. बोल्ट अर्धवट आवळून सीट सरकवायचा खालचा दांडा उचलून धरा आणि सीट एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ढकला. एका हाताच्या जोरावर, कुठेही न अडता गेली पाहिजे. मधेच जड लागली तर त्या ठिकाणी रेल पिळलेली आहे. ग्रीस मारून ती हलकी होईल, बरी होणार नाही. सीट पूर्ण मागे नेऊन पुढचे दोन बोल्ट आवळा, मग पूर्ण पुढे नेऊन मागचे दोन, आणि प्रत्येक बोल्टनंतर पुन्हा ढकलून बघा. कोणता बोल्ट आवळल्यावर सीट जड झाली, तो पाय गुन्हेगार.

या पिळवटीचा खरा धोका आवाजात नाहीच. अलीकडच्या बहुतेक सीटना दोन्ही बाजूंना लॉक असतं, दांडा सोडला की दोन्हीकडचे दात रेलच्या खाचेत पडायला हवेत. रेल पिळली की एकच बाजू पडते. सीट लॉक झाल्यासारखी वाटते, आणि कसारा घाटात जोरात ब्रेक मारल्यावर एका खाचेने पुढे उडी मारते. म्हणून लॉक करताना कान देऊन दोन 'टक्' ऐका, आणि टॉर्चने दोन्हीकडचे दात बघा. एकच पडत असेल तर ती गाडी चालवू नका, गल्लीतसुद्धा.

पट्टी नको, आधार हवा

घरगुती कामात सर्वात जास्त दिसतं ते हे: फ्लोअरची भोकं आणि सीटची भोकं जुळत नाहीत, म्हणून चार सुट्या पट्ट्या, प्रत्येक पायाला एक. एका टोकाला फ्लोअरचा बोल्ट, दुसऱ्या टोकाला सीटचा, मधे सात-आठ सेंटीमीटर सपाट पत्रा. ही पट्टी नाही, लिव्हर झाली. प्रत्येक खड्ड्याला ती थोडी वाकते, परत येते, आणि हळूहळू बोल्टच्या भोकापाशी थकते.

त्याऐवजी प्रत्येक बाजूला पुढच्या फ्लोअर-भोकापासून मागच्या भोकापर्यंत जाणारा एकच लांब आधार करा. ४० बाय ४० चा ५ मिलीमीटर अँगल पुरेसा होतो. दोन्ही बाजूंच्या अँगलना एक-दोन आडव्या पट्ट्यांनी जोडा, म्हणजे ते आपोआप समांतर राहतात आणि सगळी चौकट बाहेर टेबलावर सरळ करून मगच गाडीत टाकता येते. निम्मी कटकट इथेच संपते.

उंची वाचवायला लोक चौकोनी पाइप वापरतात. हरकत नाही, पण पोकळ पाइपातून आरपार बोल्ट टाकला आणि आवळला तर पाइपाच्या भिंती आत दबतात. आज घट्ट, महिन्याने सैल. आरपार बोल्ट जिथे जाईल तिथे आत लोखंडी बुश, म्हणजे जाड भिंतीची नळी, वेल्ड करून घ्या, म्हणजे बोल्टचा दाब बुश झेलेल.

आपल्या गावात याची सोय चांगली आहे. मुलाच्या शाळेच्या प्रोजेक्टचा पुठ्ठा घेऊन त्यावर भोकं मारा, गाडीत बसवून बघा, जुळलं की प्लायवर परत करा, आणि तो प्लाय घेऊन अंबड किंवा सातपूरला लेझर कटिंगवाल्याकडे जा. वाहन उद्योगाची कामं करणारी ही माणसं, त्यांना दोन ब्रॅकेट म्हणजे चहाच्या वेळेचं काम. फक्त मोठ्या ऑर्डरच्या मधे शिरावं लागतं, तेव्हा घाई करू नका. माप तोंडी सांगू नका. भोकं लंबगोल ठेवून 'ॲडजस्ट होईल' असंही सांगू नका, लंबगोल भोकात बोल्ट घसरणारच.

किती जाड हवं याचा अंदाज रॅलीच्या नियमांतून घ्यावा. नाशिकला रॅलीची जुनी हौस आहे, इथे राष्ट्रीय पातळीच्या रॅली झाल्यात, त्यामुळे हे नियम कोळून प्यायलेली माणसं गावात सापडतात. एफआयए या मोटरस्पोर्टच्या जागतिक संघटनेच्या नियमात सीटला किमान चार ठिकाणी, किमान ८ मिलीमीटरचे बोल्ट, आधार आणि फ्लोअरखाली बोल्टला टेकू देणारी बॅकिंग प्लेट पोलादी असेल तर किमान ३ मिलीमीटर जाड, आणि प्रत्येक बॅकिंग प्लेटचं क्षेत्र किमान ४० चौरस सेंटीमीटर असं सांगितलं आहे. आपल्याला रॅलीला जायचं नसलं तरी याच्या खाली उतरू नये.

बोल्टखाली काय काय सापडतं

रेघ शाबूत आणि बोल्ट सैल, हा प्रकार असेल तर सीट उचलून बोल्टखालचा थर बघा. पहिला संशयित कार्पेट. पायाखाली कार्पेट, त्याखाली फेल्ट, त्याखाली डांबरी शीट, आणि या सगळ्यावर आपण टॉर्क रेंच चालवून समाधानी. उन्हाळ्यात डांबर मऊ होतं, पाय खाली जातो, बोल्ट मोकळा. पायाच्या मापाचा चौकोन कापून कार्पेट आणि शीट दोन्ही काढा, लोखंडाला लोखंड भिडलं पाहिजे. जाड पावडर कोटिंगचंही तेच. ब्रॅकेट छान काळं दिसतं, पण बोल्टच्या डोक्याखालचा थर दबतो. तेवढी गोल जागा घासून मोकळी करा आणि गंज लागू नये म्हणून पातळ प्रायमर मारा.

फायबरच्या गाडीत हा मामला आणखी वेगळा. फायबर दाबाखाली हळूहळू बसत जातं, कितीही चांगला बोल्ट असला तरी. म्हणून सीटचा भार फायबरवर टाकायचाच नाही, तो चॅसीच्या लोखंडावर गेला पाहिजे. मधे फायबर येत असेल तर भोक मोठं करून त्यात फायबरच्या जाडीएवढा पोलादी बुश बसवा. बोल्ट बुशवर आवळला जाईल, फायबर नुसतं मधे राहील. फायबरला खालून नुसता मोठा वॉशर लावून सीट बसवलेली गाडी मी बघितली तर मालकाला आधी ती काढायला सांगतो, बाकी गप्पा नंतर.

आता बोल्ट. रेघ तुटली असेल तरच इकडे या. जपानी पद्धतीच्या गाड्यांत १० मिलीमीटर बोल्टचा आटा बऱ्याचदा १.२५ मिलीमीटर अंतराचा बारीक असतो, आणि द्वारकेच्या हार्डवेअरमध्ये 'दहाचा बोल्ट द्या' म्हटलं की १.५ चा जाड आटा हातात येतो. तो दोन-तीन फेरे आत जातो, मग अडतो. तिथे कोणी गन लावली की आटा गेला. बोल्ट शेवटपर्यंत बोटांनी फिरला पाहिजे, ही एकच अट पाळा. लांबीही बघा. बंद नटात बोल्ट टोकाला टेकला तर पान्याला घट्ट लागतो, पण पाय आवळलेलाच नसतो. डोक्यावर ८.८ किंवा १०.९ लिहिलेलं हवं, काहीच लिहिलेलं नसेल तर तो बोल्ट पडद्याच्या रॉडला वापरा. ८.८ ग्रेडचा ८ मिलीमीटर बोल्ट साधारण २५ न्यूटन मीटर, १० मिलीमीटरचा ४५ ते ५० च्या आसपास. शेवटी आट्याला निळं थ्रेडलॉकर, म्हणजे बोल्ट फिरू न देणारा चिकट द्रव. स्प्रिंग वॉशरवर माझा फारसा विश्वास नाही.

सीटच्या रेलला वेल्ड मात्र कोणी मारू देऊ नका. उष्णतेने त्या पोलादाची ताकद जाते, आतलं ग्रीस जळतं, आणि वर फोम असतो तो पेट घेतो.

बेल्ट आणि वायरी

जुन्या गाडीत बकल कशाला जोडलंय ते आधी बघा. ते चॅसी किंवा टनेलला असेल तर तिथेच राहू द्या, आणि नव्या सीटवरचं बकल काढून टाका. नव्या सीटवरचंच बकल वापरलं तर अपघातात बेल्टची अख्खी ओढ सीटच्या आतल्या पायावर आणि आपल्या घरगुती अँगलवर येते. तो अँगल मग नुसता सीटचा आधार राहत नाही. बेल्टच्या अँकरचा बोल्ट बहुतेक गाड्यांत ७/१६ इंची, इंचाला २० आटे असलेला बारीक आट्याचा (यूएनएफ) असतो. त्या जागी मिलीमीटरचा बोल्ट कोंबू नका. एका कंपनीची जीभ दुसऱ्या कंपनीच्या बकलमध्ये 'क्लिक' करते आणि जोरात ओढली की सुटते, असंही होतं. दोन्ही हातांनी ओढून बघा.

२०१९ च्या जुलैपासून नव्या गाड्यांना ड्रायव्हर आणि शेजारच्या सीटसाठी बेल्ट रिमाइंडर सक्तीचा झाला, त्यामुळे अलीकडच्या सीटखाली बकलच्या आणि वजन ओळखणाऱ्या मॅटच्या वायरी लोंबतात. त्या बांधून ठेवा, जुन्या गाडीला त्यांचं काम नाही. पिवळा कनेक्टर दिसला आणि पाठीच्या कडेला एअरबॅगची खूण शिवलेली असेल, तर ती सीट घेऊच नका. त्यात स्फोटक भरलेलं असतं, मल्टिमीटर लावून 'चालू आहे का' बघायची ती वस्तू नाही.

घ्यायच्या आधी मोजून जा

टनेल ते दाराची उंबरठ्यापट्टी हे अंतर, आणि बसल्यावर डोकं ते टप. एवढी दोन मापं खिशात हवीत. उंची कमी-जास्त करणारी सीट दिसायला भारी, पण तिच्या खालची यंत्रणाच इतकी जागा खाते की टू-सीटरमध्ये विंडशील्डची वरची चौकट बरोबर नजरेसमोर येते. मॅन्युअल, बिनउंचीची सीट घ्या. पहिल्या पिढीच्या ऑक्टाव्हियाच्या, विशेषतः व्हीआरएस या तिच्या स्पोर्टी मॉडेलच्या सीटवर सगळ्यांचा डोळा असतो, पण त्या गाडीत रेल फ्लोअरवरच राहतात आणि सीट त्यांवरून सरकून बाहेर येते. स्क्रॅपवाला नुसती सीट देईल, तुमच्याकडे सरकवायला रेलच नसेल.

हे सगळं करूनही आवाज राहिलाच, रेघा शाबूत, दोन्ही लॉक पडतायत, बोटाला कुठे खेळ लागत नाही, तर फ्लोअर सोडा. मोकळं लोंबणारं बकल टनेलच्या प्लास्टिकवर आपटत असतं. त्याच्या दांड्याला फेल्टची पट्टी गुंडाळा. नाहीतर सीटमागे टाकलेला जॅक आणि पाना बघा.